बुडालेल्या घराचं कुलूप

कुलूप लावून निघालेला माणूस ते लागलंय की नाही हे बघायला किती वेळा मागे फिरू शकतो, हे इंदापूरच्या शाळेत नोकरी लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमचे सर तीनदा फिरायचे. एकदा फाटकापासून, एकदा समोरच्या सायकलच्या दुकानापासून आणि शेवटचं पार एसटी स्टँडच्या अलीकडून. प्रत्येक खेपेला कुलूप मुठीत धरून दोन हिसके द्यायचे, कान लावल्यासारखं करायचे आणि अपराधी चेहऱ्याने परत यायचे. अशा माणसावर विश्वास टाकायचा नाही तर कुणावर, म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच देऊन टाकल्या होत्या. त्यामुळे शाळा साडेपाचला सुटायची आणि आम्ही सात वाजता घरी पोचायचो.

आम्ही म्हणायचं कारण मी त्यांच्याच घरात भाड्याने राहत होतो. ते भूगोलाचे, मी मराठीचा. नव्या नोकरीत मराठीच्या मास्तराला खोली देणारा घरमालक भेटला म्हणून मी आधी खूश होतो. पुढे कळलं की रात्री माझ्या खोलीच्या दाराची कडीसुद्धा बाहेरून कुणीतरी हलवून बघतं.

वर्गात सर पुस्तकातली भाषा बोलत. खडू खाली ठेवला की त्यांची गावाकडची बोली परत यायची. भूगोलाच्या तासाला ते जिल्ह्याचा नकाशा टांगायचे आणि त्यावर उजनी धरणाचा जो निळा पट्टा छापलेला होता, त्यात त्यांनी स्वतः शाईने एक काळा ठिपका दिला होता. एकदा शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पाण्यात गाव कसं काय?"

"गाव तितंच हाय साहेब," सर म्हणाले. "पाणी नंतर आलंय."

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही, पण ठिपका कुणी खोडला नाही.

तो ठिपका म्हणजे जुनं पळसदेव. सरांचं मूळ गाव. धरण भरलं तेव्हा गाव उठून वर महामार्गाच्या कडेला आलं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं आणि पुण्यासोलापूरची माणसं फोटो काढायला येतात. सरांचं घर मात्र नदीच्या बाजूला, उताराला. ते काही केल्या वर येत नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा शाळेच्या कुलपाशी काय संबंध, ते एका संध्याकाळी कळलं. सर तिसऱ्यांदा मागे फिरले तेव्हा मी भुकेने कावलेलो होतो. म्हणालो, "सर, एक दिवस उघडं राहिलं तर जाईल काय? चार मोडके बाक आणि एक पृथ्वीचा गोल. त्यालाही पोचा पडलाय."

सर सायकलच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गाव उठलं त्या दिवशी सर कॉलेजात शिकणारे, विशीतले. गाव नुसतं रिकामं झालं नव्हतं. लोकांनी दारं, चौकटी, तुळया, पत्रे सगळं काढून गाड्यांत घातलं होतं. सरांचे वडील, आबा, मात्र म्हणाले, इतक्या वर पाणी येतंय व्हय? सरकारला आपल्या गावाचा उतार ठावा न्हाय. चार महिने बाहेर राहू नि परत येऊ. म्हणून त्यांनी दार जागच्या जागी ठेवलं. बैलगाडी पुढे काढली आणि पोराला सांगितलं, तू मागनं कुलूप लावून ये. कुलूप पितळी, दाबलं की लागणारं होतं. किल्ली आबांच्या करगोट्याला. तेवढ्यात म्हशीने दावं तोडलं आणि नदीकडे धूम ठोकली. सर तिच्यामागे धावले. कुलूप दाबून मग धावले की आधी धावले, ते त्यांना आठवत नव्हतं. रात्री नव्या जागी आबांनी विचारलं, कुलूप लावलं का? आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, लावलं.

"पण सर," मी म्हणालो, "घर बुडणारच होतं. कुलूप असलं काय नि नसलं काय?"

 सर म्हणाले, "मेलेल्या मानसाचे डोळे मिटवत्यात का न्हाय?"

 मराठी शिकवणाऱ्या माणसाला निरुत्तर केल्याचा त्यांना आनंदही झालेला दिसला नाही. त्या थंडीत, सरांजवळच इंदापुरात राहणाऱ्या आबांना बारामतीच्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं आणि डॉक्टरांनी छातीचं दुखणं म्हणून सांगितलं होतं. सरांना एवढंच हवं होतं की आबा जायच्या आत खरं काय ते बघून यावं आणि त्यांना सांगावं. लावलं असेल तर लावलं, नसेल तर नसेल. पण बघून यायचं कसं?

वाट दाखवली ती केबलने. गावात नुकतीच केबल आली होती आणि न्हाव्याच्या दुकानात रंगीत टीव्ही लागला होता. सर दाढी करायला बसले असताना त्यावर एक परदेशी माणूस पाठीला टाकी बांधून समुद्राच्या तळाशी मांडी घालून बसलेला दिसला. भोवती मासे. तो मजेत श्वास घेतोय आणि तोंडातून बुडबुडे सोडतोय. सर अर्ध्या दाढीने उठून टीव्हीपुढे उभे राहिले आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलले नाहीत. उरलेली अर्धी दाढी त्यांनी घरी येऊन केली.

आमच्या भागात बुडी मारणारी माणसं नव्हती असं नाही. धरणाकाठच्या शेतकऱ्यांच्या मोटारींचे फूटव्हॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाच्या झडपा, गाळात अडकले की दम धरून खाली जाणारे आणि ते मोकळे करून येणारे पटाईत गडी होते. त्यातल्या एखाद्याला पाठवा, असं मी सुचवलं. सर म्हणाले, "आनि त्याला कुलूप घावलं न्हाय तर? सांजच्याला सगळ्या टपऱ्यांवर बातमी व्हईल." त्यांनी स्वतः दम धरून जायचा तर प्रश्नच नव्हता. सर बुडतच नसत. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना विहिरीत टाकलं, भोपळा सुटून गेला तरी हे तरंगतच राहिले. पुढे वाढत्या वयात पोटानेही हातभार लावला.

तेव्हा टाकी घ्यायची ठरली. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एकच अट घातली. पगाराला हात लावायचा नाही. त्यांना सर कारण सांगायचे ते फूटव्हॉलचं. एकदा सामान झालं की दर रविवारी चार मोटारी मोकळ्या करीन आणि वर्षात पैसे वसूल. वहिनींचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "गुडघ्याएवढ्या हौदात उतराया ज्याला पायरी लागती, तो फूटव्हॉल काढणार," असं त्या भाकरी थापताना भिंतीला सांगायच्या.

पगाराला हात लावायचा नाही म्हटल्यावर सरांनी घरातल्या आपल्या वस्तूंना हात लावला. आधी कॅरम गेला, मग रेडिओ. पान तंबाखू सुटली, हा वहिनींना झालेला एकमेव फायदा. एके दिवशी सर शाळेत पायी आले आणि मला कळलं की लूनाही गेली.

एवढं करून नव्या टाकीची किंमत मुंबईहून मागवली तेव्हा सरांना घाम फुटला. तेवढ्यात माझ्याच दुर्दैवाने बारामतीच्या जुन्या बाजारात एक भंगारवाला मला दिसला. त्याने मुंबईच्या गोदीतल्या लिलावातून एक ढीग उचलून आणला होता, आणि त्या ढिगात पट्टे लावलेली एक पिवळी टाकी होती. मी घरी येऊन बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही बारामतीला.

वाटेत सरांनी मला बजावलं की तोंड उघडायचं नाही. वस्तू कसली आहे ते दुकानदाराला कळलं की तो भाव चढवणार. दुकानात शिरल्यावर सर आधी तराजू बघत फिरले, मग एका जात्याच्या खुंट्याची चौकशी केली, आणि शेवटी टाकीला पाय लागल्यासारखं करून म्हणाले, "हे काय म्हणायचं?"

"फवारणीचा पंप," भंगारवाला म्हणाला. "इंपोर्टेड हाय. जहाजावरनं आलाय."

"जहाजावर डाळिंबाच्या बागा असतात का?" मी म्हणालो. सरांनी माझ्या पायावर पाय दिला.

"नोझल कुठाय ह्येचं?"

"नोझल तेवढं हरवलंय. हितलं कुठलं बी बसतंय."

"आनि तोंड एवढं बारीक? औषध वतायचं कसं?"

भंगारवाला विचारात पडला. त्याने टाकी उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाला, "फॉरिनची औषधं पातळ असत्यात."

भाव जमत आला होता. एवढ्यात डाळिंबवाला एक शेतकरी आत आला आणि पंप म्हटल्यावर त्याने टाकी पाठीला लावून बघितली. पट्टे चांगले आहेत म्हणाला आणि सरांच्यापेक्षा जास्त द्यायला तयार झाला. सरांचा चेहरा पडला. त्यांनी त्या शेतकऱ्याला बाजूला घेतलं आणि कळकळीने सांगितलं, "पाव्हणं, नका घिऊ. वजन लई हाय. दोन झाडं फवारली की मणका जाईल."

भंगारवाल्याने ते ऐकलं. तो खवळून म्हणाला, "मग तुमी कशाला घेताय गुरुजी?"

"माजा आधीच गेलाय," सर म्हणाले.

शेतकरी निघून गेला आणि टाकी आमची झाली. वर दुकानदाराने वेल्डिंगचा चष्मा म्हणून एक जाड काचेचा, नाकावर बसणारा रबरी मुखवटा फुकट दिला. तो कसला होता ते सरांना माझ्याआधी कळलं होतं. बाहेर आल्यावर ते रस्त्यात उभे राहून एवढे हसले की एका रसवंतीवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं.

पायात घालायची वल्ही पंखांसारखी असतात. ती ट्रकच्या मडगार्डच्या रबरापासून स्टँडजवळच्या चप्पलवाल्याने शिवून दिली. डावं जरा लांब झालं. तळाशी राहायला कमरेला वजन लागतं, तर सरांनी शाळेतले गोळाफेकीचे दोन गोळे पिशवीत घालून कमरेला बांधायचं ठरवलं. क्रीडाशिक्षक महिनाभर गोळे शोधत होते आणि सर त्यांना शोधायला मदत करत होते. राहता राहिली तोंडात धरून टाकीतली हवा ओढायची ती नळी आणि तिचा तोटीसारखा यंत्रभाग. तेही भंगारात मिळेल या आशेने सर दर आठवड्याला बारामतीला जाऊ लागले, तेव्हा वहिनींनी एका संध्याकाळी भिशीचे पैसे आणून त्यांच्यापुढे ठेवले. "बाकी काय बी भंगारातलं आणा," त्या म्हणाल्या. "तोंडात धरायचं नवं आणा." आणि आत निघून गेल्या. सरांनी नोटा दोनदा मोजल्या. मी वह्या तपासायला घेतल्या.

हे सगळं सामान ठेवायला सरपणाची खोली रिकामी केली. तिला कुलूप हवं, हे ओघानेच आलं. आबांनी उशाखालून एक निळं कुलूप काढून दिलं. "मजबूत हाय. ने." आबांच्या वापरातलं सगळंच निळं होतं. कधीकाळी मोटारीला लावायला आणलेला निळा रंग उरला, तो त्यांनी बाजेला, खुरप्याच्या मुठीला, पाण्याच्या टिपाडाला आणि घरातल्या असतील नसतील त्या सगळ्या लोखंडापितळेला फासून संपवला होता. वस्तू वाया गेलेली त्यांना खपत नसे. किल्ली मात्र त्यांनी दिली नाही. ती करगोट्यालाच राहिली, आणि सामान बघायचं झालं की सरांना आबांच्या बाजेपाशी जाऊन उभं राहावं लागे. रात्री कुलूप ओढून बघायच्या सरांच्या यादीत त्याचीही भर पडली.

सर अंगणातल्या हौदात मुखवटा लावून बसण्याचा सराव करू लागले तेव्हा आबा बाजेवरून बघत असत. ऐकायला कमी येत असल्याने ते बोलत मात्र मोठ्याने. "पाणी आपल्या घरी आलं तवा काय एवढं नटूनथटून आलं न्हवतं," ते म्हणायचे. "नि हा बघा, पाण्याच्या घरी निघालाय."

हवा भरायची अडचण राहिली होती. पंक्चरवाल्याच्या पंपाने काही होईना. शेवटी सरांचा एक जुना विद्यार्थी उपयोगी पडला. तो एका साखर कारखान्यात आग विझवणाऱ्यांच्या विभागात होता. त्यांच्याकडे धुरात शिरायच्या टाक्या भरायचं यंत्र असे. त्याने टाकी नेऊन ती फुटणार नाही ना याची रीतसर तपासणी करून घेतली, नवी नळी जोडून बघितली आणि भरून आणून दिली. "एकदाच, सर," तो म्हणाला. "परत मागू नका. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल माझी."

"आत आक्शिजन भरलास न्हवं?"

"नाही सर. साधी हवा. पाण्याखाली नुसता ऑक्सिजन बाधतो."

"साधी हवा?" सर म्हणाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "ही?"

विद्यार्थ्याने त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की वर येताना श्वास कोंडायचा नाही, सोडत सोडत सावकाश यायचं, नाहीतर फुप्फुसं फाटतील. ते वहिनींनी दारातून ऐकलं आणि त्या दिवशी स्वयंपाकात मीठ पडलं नाही.

एकच टाकी हवा, म्हणजे एकच संधी. मे महिन्यात पाणी चांगलं उतरलं तेव्हा आम्ही निघालो. एसटीत कंडक्टरने टाकी बघून घंटी वाजवली. "गॅस चालणार न्हाय."

"गॅस न्हाय. हवा हाय," सर म्हणाले.

"हवा? कुठं चालवलीय?"

"पळसदेवला."

"का? तितं न्हाय व्हय हवा?" आख्खी गाडी हसली. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं आणि टाकी आपल्या सीटशेजारी ठेवून घेतली. उतरताना म्हणाला, "उरली तर येताना जरा हितं सोडा, लई उकडतंय."

मासे धरणाऱ्या एका तात्यांची नाव ठरवली होती. त्यांना सरांनी देवळाचा पाया बघायचाय असं सांगितलं होतं. देवळाचा कळस पाण्यावर पुरुषभर उभा होता. तिथून नदीच्या अंगाने सरांनी अंदाज घेतला. मारुतीचा पार हितं, चावडी हितं, हितनं वळलं की आमची गल्ली. ते सपाट पाण्यावर बोट दाखवून बोलत होते आणि तात्या माझ्याकडे बघत होते. देवळाचा पाया सोडून हा माणूस गल्लीत का वळतोय, हे त्यांनी विचारलं नाही, एवढे ते सज्जन.

सरांच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात आलं. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. टाकी, मुखवटा, रबरी वल्ही आणि धोतराच्या पिशवीत शाळेचे गोळे, असे सर नावेच्या काठावर बसले. मला हसू यायला हवं होतं. पण मी त्यांच्या कमरेच्या दोराची गाठ तिसऱ्यांदा ओढून बघत होतो. ते मागे कलंडले आणि गेले.

जरा वेळाने दोन हिसके बसले. मी जीव खाऊन ओढलं. सर वर आले आणि तोंडातली नळी काढून ओरडले, "कशाला वढलं?" दोर एका बाभळीच्या बुडख्याला अडकला होता. शिवाय डावं वल्हं लांब असल्याने ते सारखे उजवीकडे वळत होते आणि आपली गल्ली सोडून भावकीच्या गल्लीत शिरले होते. "चुलत्याची दगडी पायरी लागली हाताला," ते म्हणाले. तात्यांनी नाव थोडी सरकवली आणि सर परत खाली गेले.

या खेपेला बुडबुडे एका जागी येत राहिले. बुडबुडे येतायत म्हणजे माणूस आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. देवाचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण समोर देऊळ होतं, तेव्हा घेऊन टाकलं. मग एक हिसका. बुडबुडे वर वर येऊ लागले आणि सर नावेला धरून बाहेर आले.

"काय घावलं का?" तात्यांनी विचारलं.

"हाय," सर म्हणाले. "सगळं जाग्यावर हाय."

काठावर आल्यावर मी त्यांच्या पाठीवरचे पट्टे सोडत होतो तेव्हा ते माझ्याकडे न बघता हळूच बोलले. खाली डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, नुसता काळोख. सगळं हाताने चाचपून बघितलं होतं. भिंती खचल्या होत्या, पण चौकट उभी होती, एक फळी गेलेलं दार होतं, कडी अडकवलेली होती.

"कोयंडा मोकळा हाय," ते म्हणाले. "कुलूप न्हाय."

परतीच्या एसटीत तोच कंडक्टर होता. त्याने काहीतरी गंमत केली, पण सरांचा चेहरा बघून पुढे निघून गेला. मी म्हणालो, गंजून पडलं असेल. सर म्हणाले, कडी गंजली न्हाय तर कुलूप कसं गंजंल.  इतकी वर्षं त्यांना नुसती शंका होती. आता तीही उरली नव्हती, आणि ती घालवण्यात भंगारवाल्याचा पत्ता सांगणाऱ्या माझाही हात होता.

घरी आबा अंगणात बाजेवर तंबाखू मळत बसले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. सर ओल्या केसांनी आबांच्या पुढ्यात उकिडवे बसले. खरं सांगायचं म्हणून एवढा खटाटोप केलेला माणूस, पण आबांचा वाळलेला हात बघून त्याचा धीर सुटला असावा.

"आबा," ते मोठ्याने म्हणाले, "घर बघून आलो. कुलूप हाय जाग्यावर."

आबांचा अंगठा तळहातावर थांबला. "कंचं कुलूप?"

"आपल्या दाराचं. मी लावल्यालं."

"ते तितं कसं असंल?"

"हाय आबा. हात लावून बघितलं."

आबांनी माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, मग परत लेकाकडे. "मास्तर झालास तरी खोटं बोलाया जमंना तुला," ते म्हणाले. "आरं, कुलूप मी काढून आणलंय. तू कॉलेजात परत गेल्यावर, तिसऱ्या दिशी. पाणी अंगणात आलं हुतं, म्हणलं दार तरी घिऊन यावं. तर गाडी चिखलात रुतली. दार काय हलंना. मग कुलूप काढलं, कडी घातली नि आलो. अलिगढचं कुलूप, ते काय बुडवाया घेतलं हुतं व्हय?"

"कुठाय ते?" सरांनी विचारलं.

"ते न्हाय का निळं," आबा म्हणाले. "तुज्या टाकीच्या खोलीला हाय, तेच."

आम्ही तिघांनीही सरपणाच्या खोलीकडे बघितलं. निळं कुलूप कडीला लटकत होतं. रोज रात्री दोन हिसके देऊन सर जे बघत होते, तेच.

"म्हंजी," सर पुटपुटले, "तुमी गेला तवा लागल्यालं हुतं?"

"आँ?"

"लागल्यालं हुतं का, आबा?"

"आता किल्ली लावून काढलं म्हणल्यावर लागल्यालंच असंल की. मोकळ्या कुलपाला किल्ली लावत्यात व्हय?"

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"बुडत्या घराचं कुलूप काढून आणलं म्हणून गाव हासलं असतं. म्हणून कुणालाच न्हाय सांगितलं." आबांनी तंबाखू तोंडात टाकली. "नि तू तरी कवा इचारलंस?"

सर उठले आणि आबांच्या करगोट्याची किल्ली न मागता खोलीच्या दारापाशी गेले. कुलूप तळहातावर घेऊन त्यांनी नखाने निळा रंग खरवडला. खाली पितळ निघालं. ते दाराकडे तोंड करून उभे होते, पण पाठ हलत होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, "म्हंजी माजी भिशी आबांनी बुडीवली."

आबा पुढे दोन वर्षं जगले. टाकीत परत कुणी हवा भरून दिली नाही. फूटव्हॉल एकही निघाला नाही. गोळे जूनमध्ये क्रीडाशिक्षकांना शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे अचानक सापडले आणि सरांनी त्यांचं अभिनंदन केलं.

त्याच जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या दिवशी, सरांनी संध्याकाळी कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. फाटकापाशी मी सवयीने थांबलो. सर थांबले नाहीत. सायकलच्या दुकानापाशी थांबलो. सर मला मागच्या वर्षी नववीत नापास झालेल्या मुलांबद्दल काहीतरी सांगत होते आणि चालतच राहिले. स्टँडच्या अलीकडे आलो तेव्हा माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "सर, तुम्ही व्हा पुढे," आणि मागे फिरलो.

कुलूप लागलेलं होतं. दोन हिसके देऊन बघितलं.